समुद्रसपाटी नसलेली उंची

मे १९९७ मध्ये न्यूयॉर्कला आयबीएमच्या डीप ब्लू या बुद्धिबळ यंत्राने तेव्हाचा जगज्जेता गॅरी कास्पारोव्हला सहा डावांच्या सामन्यात साडेतीन-अडीच असं हरवलं. ज्यांनी आयुष्यात एक प्यादंही हलवलेलं नाही त्यांनाही हे यंत्र नावाने ठाऊक आहे. पण डीप ब्लूचं रेटिंग किती होतं, असं कुणी विचारलं तर उत्तर देता येत नाही. ते यंत्र कोणत्याही क्रमवारीत कधी नव्हतंच. आदल्या वर्षी फिलाडेल्फियात सहा डाव झाले, तो सामना कास्पारोव्हने ४-२ जिंकला. मग न्यूयॉर्कचे सहा डाव झाले आणि यंत्राचा खेळ कायमचा थांबला.

न्यूयॉर्कच्या सहा डावांवरून आपणच हिशेब मांडून पाहू. यंत्राचे दोन विजय, एक हार, तीन बरोबऱ्या. म्हणजे सहापैकी साडेतीन गुण, ५८ टक्के. रेटिंगच्या भाषेत हे कास्पारोव्हपेक्षा सुमारे ६० अंकांनी सरस. आता या आकड्यावर किती विसंबायचं ते पाहिलं, तर संख्याशास्त्र सांगतं की खरा फरक यंत्राच्या बाजूने तीनशे अंकांचा असू शकतो, किंवा कास्पारोव्हच्या बाजूने जवळजवळ दीडशेचा. जगाने एका युगाचा शेवट म्हणून नोंदवलेल्या निकालातून, दोघांत बलवान कोण हे ठामपणे निघत नाही. सामना कोण जिंकलं हे मात्र निर्विवाद आहे. सामना जिंकणं आणि बलवान असणं या दोन गोष्टी वेगळ्या, आणि दुसरी मोजायला फार जास्त डाव लागतात. किती जास्त, हे कळलं की संगणकी बुद्धिबळाच्या रेटिंग याद्या एखाद्या कथेसारख्या वाचाव्याशा वाटतात. मला तरी वाटतात.

या मोजमापाला ज्यांचं नाव आहे ते आर्पाड एलो १९०३ साली तेव्हाच्या ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यात जन्मले, लहानपणी आईवडिलांबरोबर अमेरिकेत आले आणि मिलवॉकीच्या मार्क्वेट विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवू लागले. (एलो हे आडनाव आहे. ते तीन शब्दांच्या आद्याक्षरांतून बनलंय असा समज सर्रास आढळतो, तो चुकीचा.) त्यांची पद्धत अमेरिकी बुद्धिबळ संघटनेने १९६० साली आणि जागतिक बुद्धिबळ संघटना फिडेने १९७० साली स्वीकारली. तिचा गाभा सोपा आहे. दोन खेळाडूंच्या रेटिंगमध्ये जो फरक असतो, त्यावरून दोघांना किती टक्के गुण मिळतील याचा अंदाज बांधायचा. फरक शून्य असेल तर ५० टक्के. १०० असेल तर वरच्याला ६४, २०० असेल तर ७६, ४०० असेल तर ९१. अंदाजापेक्षा जास्त गुण मिळाले तर रेटिंग चढतं, कमी मिळाले तर उतरतं.

इथे सगळीकडे फरक हा शब्द आलाय, याकडे लक्ष द्यायला हवं. कळसूबाईची उंची १,६४६ मीटर म्हणतो तेव्हा ती समुद्रसपाटीपासून असते. समुद्र एकच, म्हणून ती हिमालयातल्या शिखराशीही ताडून पाहता येते. रेटिंगला असा समुद्र नाही. एखाद्या यादीतल्या प्रत्येक प्रोग्रॅमच्या आकड्यात उद्या हजार मिळवले, तरी त्या यादीचं एकही भाकीत बदलणार नाही, कारण सगळे फरक जिथल्या तिथे राहतील. ३६०० हा आकडा एकटा उभा असेल तर त्याला काहीच अर्थ नाही. कुणाविरुद्ध, कोणत्या घड्याळावर, कुठल्या यंत्रावर, कोणत्या सुरुवातीपासून खेळून तो मिळाला, हे कळलं की मगच तो बोलू लागतो.

यंत्रांनी पहिल्यांदा रेटिंग मिळवलं ते माणसांच्याच यादीत शिरून. एमआयटीमध्ये रिचर्ड ग्रीनब्लॅट यांनी लिहिलेला मॅक हॅक हा प्रोग्रॅम १९६७ साली मॅसॅच्युसेट्समधल्या एका स्पर्धेत माणसांसोबत बसला. चार डाव हरला, एक बरोबरीत सोडवला. पण त्याच्या नावापुढे रेटिंग लागलं, कारण समोर रेटिंग असलेली माणसं होती. १९८३ साली बेल लॅब्जमधल्या बेल या यंत्राला अमेरिकेत मास्टर हा किताब मिळाला. ते केन थॉम्पसन आणि जो कॉन्डन यांनी बांधलं होतं. हे थॉम्पसन म्हणजे युनिक्स या संगणकप्रणालीच्या जनकांपैकी एक. त्यांनी बेलवर केलेला एक प्रयोग मला फार आवडतो. त्यांनी बेलला बेलविरुद्धच खेळवलं. एका बाजूला ठरावीक खोलीपर्यंत विचार करायची मुभा, दुसऱ्या बाजूला त्याहून एक चाल जास्त. प्रत्येक जादा चालीमागे साधारण २०० एलो वाढत गेले, आणि खोली वाढत गेली तशी ही वाढ आखडत गेली. यंत्र जितकं वेगवान तितकं खोल पाहणार आणि तितकं रेटिंग चढणार, ही गोष्ट तेव्हा पहिल्यांदा आकड्यांत दिसली. पण त्याच प्रयोगाने पुढच्या सगळ्या याद्यांपुढे एक प्रश्नही ठेवला. प्रोग्रॅम तोच, यंत्र वेगवान झालं आणि रेटिंग वाढलं, तर आपण नक्की काय मोजलं? प्रोग्रॅम लिहिणाऱ्याची बुद्धी, की चिप बनवणाऱ्याचं कसब?

या प्रश्नाला वर्षानुवर्षं चिकाटीने भिडले ते स्वीडनमधले हौशी लोक. स्वीडिश बुद्धिबळ संगणक संघटनेची यादी १९८४ पासून निघू लागली. संघटनेचं लघुरूप एसएसडीएफ. तो काळ घरात टेबलावर ठेवायच्या बुद्धिबळ यंत्रांचा होता: मेफिस्टो, फिडेलिटी, नोव्हॅग. पटाखाली चिप, घरांच्या कडेला दिवे. प्रत्येक कंपनीच्या जाहिरातीत आपलं यंत्र मास्टरच्या तोडीचं असल्याचा दावा असे. तो तपासायचा कसा? या मंडळींनी दोन यंत्रं शेजारीशेजारी ठेवली. एका यंत्राने दिव्यांनी दाखवलेली चाल माणसाने दुसऱ्या यंत्राच्या पटावर करायची, त्याचं उत्तर येईपर्यंत थांबायचं, मग ते उत्तर पहिल्या यंत्रावर. ४० चालींना दोन तास, हे स्पर्धेचं घड्याळ. म्हणजे एक डाव संपायला अख्खा दिवस जाणार. असे शेकडो डाव, सभासदांच्या घरी, नोकऱ्या सांभाळून, कुणी पैसे न देता. पुढे ऑस्ट्रियाच्या क्रिली डॉनिंगर यांनी दोन संगणक केबलने जोडून आपोआप खेळवायची सोय केली आणि यंत्रांमधला हा हमाल मोकळा झाला. जाहिरातीतला आकडा आणि मोजलेला आकडा यांतलं अंतर या लोकांनी जगाला दाखवलं, याबद्दल मला त्यांचा मनापासून आदर वाटतो.

त्यांचीही उंची कुठून तरी मोजायला लागणारच होती. मग १९८७ ते १९९१ या काळात स्वीडनमधल्या स्पर्धांत यंत्रं आणि माणसं यांच्यात जे डाव झाले, त्यांवरून त्यांनी यादीची पातळी बेतली. त्यानंतर यंत्रं मुख्यतः एकमेकांशीच खेळत राहिली. नवं यंत्र जुन्याला हरवतं, त्याहून नवं या नव्याला हरवतं, असा आकडा चढत जातो. शिडीच्या प्रत्येक पायरीत थोडी चूक असेल, तर वर पोचेपर्यंत ती साचलेली असते. २००० साली संघटनेने अख्खी यादी १०० एलोंनी खाली आणली, कारण माणसांविरुद्ध यंत्रांना मिळणारे निकाल त्या आकड्यांना साजेसे नव्हते. एका रात्रीत प्रत्येक प्रोग्रॅमचे शंभर अंक गेले, आणि यादीतला क्रम, यादीतली अंतरं, काहीच हललं नाही. समुद्र नसलेली उंची म्हणजे काय, ते यापेक्षा स्पष्ट क्वचितच दिसतं.

माणसाचं रेटिंग आणि प्रोग्रॅमचं रेटिंग काढण्यात एक मूलभूत फरक आहे, तोही सांगायला हवा. माणूस बदलतो. तेरा वर्षांची मुलगी सहा महिन्यांत कुठच्या कुठे जाते, म्हणून फिडे ताज्या निकालांना महत्त्व देत आकडा डावागणिक सरकवत राहते. प्रोग्रॅमची एखादी आवृत्ती मात्र गोठलेली असते. स्टॉकफिश या प्रोग्रॅमची आठवी आवृत्ती, म्हणजे स्टॉकफिश ८, आजही तीच आहे जी प्रसिद्ध झाली त्या दिवशी होती. त्यामुळे डाव आधी झाला की नंतर याला काही महत्त्व उरत नाही. सगळे डाव एकत्र घ्यायचे आणि असे आकडे शोधायचे की ते खरे धरले तर झालेले निकाल सर्वांत संभाव्य ठरतील. ही कल्पना एलोंच्याही आधीची आहे. जर्मन गणिती अर्न्स्ट झर्मेलो यांनी १९२९ सालीच बुद्धिबळ स्पर्धांच्या निकालांसाठी ती मांडली होती. आज रेमी कुलोम यांचा बेयसएलो किंवा ऑर्डो यांसारखे प्रोग्रॅम लाखो डावांवर हेच काम करतात.

गोठलेलं असण्याची दुसरी बाजू अशी की प्रोग्रॅम स्वतःचीच नक्कल करतो. दोन इंजिनांना (बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रॅमला इंजिन म्हणतात) पट मांडून शंभर डाव खेळा म्हटलं, तर त्यातले कितीतरी डाव शब्दशः सारखे निघायची भीती असते. तोच डाव पन्नास वेळा मोजून माहिती एका डावाचीच मिळते. म्हणून परीक्षक सुरुवातीच्या काही चाली आपणच ठरवून देतात. सिसिलियनची एक शाखा, राजाच्या भारतीय बचावाची एक, फ्रेंचची एक, अशा शेकडो स्थिती. प्रत्येक स्थितीतून दोन डाव, एकदा हा पांढरा, एकदा तो. म्हणजे सुरुवात कुणाच्या बाजूने झुकलेली असली तरी त्याचा लाभ दोघांना आळीपाळीने मिळतो. जुन्या काळी प्रोग्रॅम आपापली सुरुवातीची पुस्तकं घेऊन येत, आणि प्रतिस्पर्ध्याच्या पुस्तकातलं भोक हेरून त्याला दर वेळी त्याच खड्ड्यात पाडता येत असे. तसा विजय यादीत गुण देई, पण तो इंजिनाच्या विचाराचा नसे.

आज इंजिनांच्या जगात सर्वाधिक पाहिल्या जाणाऱ्या याद्यांपैकी एक सीसीआरएल. तीही स्वयंसेवकांची. वेगवेगळ्या देशांतल्या घरांत वेगवेगळ्या वेगाचे संगणक असणार, म्हणून एका ठरलेल्या प्रोग्रॅमने आधी यंत्राचा वेग मोजतात आणि त्या प्रमाणात घड्याळ ढिलं किंवा आवळ करतात. मुख्य यादी ४० चालींना १५ मिनिटांची, आणि ही १५ मिनिटं इंटेलच्या एका विशिष्ट प्रोसेसरवरची समजायची. झटपट डावांची यादी वेगळी. प्रोसेसरच्या एका धाग्यावर (थ्रेडवर) चालणारं इंजिन आणि तेच इंजिन चार धाग्यांवर, यांच्या नोंदी वेगळ्या. प्रतिस्पर्ध्याच्या वेळात विचार करायला बंदी, कारण दोघं एकाच यंत्रावर बसलेली असतात आणि एकाने दुसऱ्याच्या पाळीत प्रोसेसर वापरला तर ती चोरीच. बेलच्या प्रयोगाने उभा केलेला प्रश्न इथे असा सोडवलाय: यंत्र सगळ्यांना सारखं, घड्याळ सारखं, सुरुवात सारखी, मग उरेल तो फरक प्रोग्रॅमचा.

ही शिस्त मोडली की काय होतं याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण डिसेंबर २०१७चं. लंडनच्या डीपमाइंड कंपनीने जाहीर केलं की नुसते नियम सांगितल्यावर स्वतःशीच खेळून शिकलेल्या अल्फाझीरोने स्टॉकफिश ८ विरुद्ध शंभर डावांत २८ जिंकले, ७२ बरोबरीत सोडवले आणि एकही हरला नाही. मथळे आले की यंत्राने यंत्राचा फडशा पाडला. २८ अधिक ७२चे निम्मे म्हणजे ६४ गुण. ६४ टक्के म्हणजे १०० एलो. पण घड्याळ होतं चालीला ठोक एक मिनिट. वेळ कुठे जास्त घालवायचा आणि कुठे वाचवायचा, यावर स्टॉकफिशच्या कर्त्यांनी घेतलेली मेहनत त्यामुळे वाया गेली. ६४ धाग्यांना आठवण ठेवायला जागा दिली होती अवघी एक जीबी. सुरुवातीचं पुस्तक नव्हतं. स्टॉकफिशच्या मूळ कर्त्यांपैकी टोर्ड रोमस्टाड यांनी हे आक्षेप तेव्हाच नोंदवले.

वर्षभराने, डिसेंबर २०१८ मध्ये, डीपमाइंडचा सविस्तर प्रबंध सायन्स नियतकालिकात आला. या वेळी एक हजार डाव, बाजूला तीन तास आणि चालीमागे १५ सेकंद, स्टॉकफिशला ३२ जीबी. अल्फाझीरो १५५ जिंकला, ६ हरला, बाकी बरोबरी. मी हा हिशेब कागदावर केला तेव्हा थबकलो. फरक आला ५२ एलो. आधीच्या शंभराच्या जवळजवळ निम्मा. हे योगायोगाने झालं असेल का? डाव एकमेकांपासून स्वतंत्र धरले, तर पहिल्या सामन्यातला खरा फरक ६८ ते १३४च्या दरम्यान बसतो आणि दुसऱ्यातला ४४ ते ६०च्या. दोन्ही पट्टे एकमेकांना शिवतही नाहीत. म्हणजे नुसत्या नशिबाने हे झालेलं नाही, मोजण्याची परिस्थिती बदलली म्हणून फरक बदलला. अल्फाझीरो दोन्ही वेळा सरस होता, यात शंका नाही. त्याने बुद्धिबळ खेळण्याची नवी रीत दाखवली, यातही नाही. किती सरस, याला मात्र परिस्थितीवेगळं उत्तर नाही.

आता त्या पट्ट्यांबद्दल. रेटिंग यादीत प्रत्येक आकड्याशेजारी अधिक-उणेचा एक छोटा आकडा असतो आणि वाचणारे बहुतेक जण तो ओलांडून पुढे जातात. माझ्या मते तोच आधी वाचावा. शितावरून भाताची परीक्षा करतात, पण किती शितं दाबायची? निम्मे डाव बरोबरीत सुटतात असं धरलं, तर शंभर डावांनंतर आकडा ४५ ते ५० एलो इकडे-तिकडे असू शकतो. हजार डावांनंतर सुमारे १५. डाव दहापट केले तरी अनिश्चितता दहापट घटत नाही, तिपटीने जेमतेम घटते. मग यादीत पाचवा आणि सातवा यांच्यात चार एलोंचं अंतर असेल आणि दोघांच्या पुढे अधिक-उणे दहा लिहिलं असेल, तर पाचवा सातव्यापेक्षा वर आहे असं म्हणायला आधार नाही. क्रम छापावा लागतो म्हणून छापलाय, इतकंच.

इंजिन बनवणाऱ्याची अडचण तर याहून मोठी. प्रोग्रॅममध्ये त्याने एक छोटी सुधारणा केली, समजा दोन एलोंची. स्टॉकफिशसारखं इंजिन अशा दोन-दोन एलोंच्या शेकडो सुधारणांनीच वर चढतं. पण दोन एलो म्हणजे गुणांत ०.३ टक्क्यांहून कमी फरक. तो नेमका पकडायचा तर वरच्याच गृहीतकावर सुमारे ५८ हजार डाव लागतात. एका कल्पनेसाठी! आणि दहातल्या बहुतेक कल्पना फुकट जाणाऱ्या.

यातून वाट दाखवणारा माणूस बुद्धिबळाशी संबंधित नव्हता. अब्राहम वाल्ड, एलोंच्या आदल्याच वर्षी, १९०२ साली, त्याच साम्राज्यात जन्मलेला गणिती. नाझींच्या छायेतून निसटून तो अमेरिकेत पोचला. दुसऱ्या महायुद्धात कोलंबिया विद्यापीठात त्याच्यासमोर दारूगोळ्याच्या तपासणीचा प्रश्न आला. किती गोळे उडवून पाहायचे हा आकडा आधीच ठरवण्याऐवजी, प्रत्येक गोळ्यानंतर पुरावा मोजायचा, असं त्याने सुचवलं. पुरावा वरच्या रेषेला टेकला की माल घ्या, खालच्या रेषेला टेकला की परत पाठवा, दोन्हींच्या मध्ये असेल तर आणखी एक उडवा. उघड निकाल लवकर लागतात, आणि घासून येणाऱ्या मालावरच वेळ जातो. १९५० साली वाल्ड व्याख्यानांसाठी भारतात आला असता निलगिरीच्या डोंगरात एअर इंडियाचं विमान कोसळून तो आणि त्याची पत्नी, दोघांचाही अंत झाला.

२०१३ साली गॅरी लिन्सकॉट यांनी स्टॉकफिशसाठी फिशटेस्ट उभं केलं, त्याच्या पोटात वाल्डची हीच पद्धत आहे. जगभरचे स्वयंसेवक आपल्या संगणकांचा वेळ देतात. कुणी एक सुधारणा पाठवली की नवी आणि जुनी आवृत्ती एकमेकींशी खेळू लागतात, आधी दहा सेकंदांच्या झटपट घड्याळावर, त्यात टिकली तर एका मिनिटाच्या. प्रत्येक निकालाने पुराव्याचा काटा हलतो. वर २.९४, खाली उणे २.९४. चूक होण्याची शक्यता पाच टक्के चालेल असं ठरवलं, की ९५ला ५ने भागून येणाऱ्या १९चा हा लॉगरिदम. काटा वर टेकला तर सुधारणा पुढे जाते, खाली टेकला तर बाद, मग ती कितीही हुशार माणसाची असो. अब्जावधी डाव या चाळणीतून गेलेत. बुद्धिबळातलं आपलं ज्ञान इंजिनात कोंबण्याचा मोह उस्तादांनाही असतो, आणि फिशटेस्टने त्यातली कितीतरी सुंदर वाटणारी तत्त्वं नाकारली. अलीकडचं मोठं स्थित्यंतर आलं तेही असंच मोजून: शोगी या जपानी बुद्धिबळासाठी यू नासू यांनी २०१८ साली मांडलेलं छोटं मज्जाजाळं (न्यूरल नेटवर्क) २०२०च्या ऑगस्टमध्ये स्टॉकफिशमध्ये दाखल झालं.

मात्र फिशटेस्टवर मिळालेले एलो जसेच्या तसे जगाच्या यादीत उमटत नाहीत. आपल्याच तालमीतल्या जोडीदाराशी लढणाऱ्या पैलवानाला त्याच्या सगळ्या खोडी ठाऊक असतात. नवी आवृत्ती जुनीच्या नेमक्या उणिवेवर बोट ठेवते, म्हणून घरात फरक मोठा दिसतो. बाहेरच्या आखाड्यात वेगळ्या घडणीचे गडी भेटले की तो आक्रसतो. शिवाय ताकद एका रेषेवर मावतेच असं नाही. ‘अ’ हा ‘ब’ला हरवतो, ‘ब’ हा ‘क’ला, आणि ‘क’ उलटून ‘अ’ला, असं इंजिनांत घडतं. एलोंच्या गणिताला हे दिसत नाही, कारण ते सगळ्यांना एकाच शिडीवर उभं करतं.

गेल्या काही वर्षांत याद्यांपुढे नवीच अडचण आलीय, बरोबऱ्यांची. इंजिनं इतकी अचूक झालीत की पुरेसा वेळ आणि समतोल सुरुवात दिली तर वरच्या दोघांतला जवळजवळ प्रत्येक डाव बरोबरीत सुटतो. सगळेच डाव बरोबरीत गेले तर गणित म्हणतं फरक शून्य. इथे एक बारकावा मजेशीर आहे. शंभर डावांत ८ विजय, २ हार, ९० बरोबऱ्या झाल्या, तर एलो फरक येतो जेमतेम २१. पण पहिलं इंजिन दुसऱ्यापेक्षा बलवान असण्याची खात्री ९७ टक्के! कोण सरस हे फक्त विजय आणि हार सांगतात, बरोबऱ्या सांगतात की ते सरस असणं गुणांत किती उतरतं. मग परीक्षकांनी मुद्दाम तिरप्या सुरुवाती निवडायला घेतल्या. पांढरा जिंकेल की काळा तगेल याची धार जिथे असेल, नेमक्या तिथून डाव सुरू. दोन्ही इंजिनं दोन्ही बाजूंनी खेळतात. जे पांढऱ्याकडून जिंकून काळ्याकडून तगतं, ते सरस. टीसीईसी या इंजिनांच्या मोठ्या स्पर्धेतही आता सुरुवाती अशाच निवडतात. त्यामुळे डाव पुन्हा रंगतदार झाले, पण सुरुवात किती तिरपी यावर एलोंचा फरकही ताणतो किंवा आकसतो. आकड्यात आता पुस्तक निवडणाऱ्याचाही हात आला.

स्पर्धांतल्या अजिंक्यपदाबद्दल थोडक्यात. संगणकांची पहिली जागतिक स्पर्धा १९७४ साली स्टॉकहोमला झाली आणि सोव्हिएत संघाचा काइसा हा प्रोग्रॅम जिंकला. १९९५ साली हाँगकाँगला तर साध्या पेंटियमवर चालणाऱ्या फ्रिट्झने डीप ब्लूच्या पूर्वरूपाला हरवलं आणि अजिंक्यपदही मिळवलं. फेऱ्या होत्या पाच, म्हणजे बळ मोजायला फारच थोडे डाव. स्पर्धा पाहायला मी नेहमीच आवडीने बसेन, पण बळाचा अंदाज घ्यायला यादीकडेच जाईन. स्पर्धांनी एक गोष्ट मात्र याद्यांच्या आधी ऐरणीवर आणली: हा प्रोग्रॅम कुणाचा? २०११ साली आंतरराष्ट्रीय संगणक खेळ संघटनेने वासिक रायलिख यांच्या रिब्का या इंजिनाची २००७ ते २०१० ही चार अजिंक्यपदं काढून घेतली, क्राफ्टी आणि फ्रूट या इंजिनांतून नक्कल केल्याच्या ठपक्यावरून. त्या निर्णयावर पुढे बराच वाद झाला. यादीला या प्रश्नाचं उत्तर ठाऊक नसतं. ती डाव मोजते, वंशावळ तपासत नाही.

राहिला तो प्रश्न जो सगळे विचारतात. मॅग्नस कार्लसनचं सर्वोच्च रेटिंग २८८२, मे २०१४ मधलं. इंजिनांच्या यादीत वरचे आकडे ३६००च्या पुढे. मग इंजिन माणसाहून सातशे एलो वर आहे का? दोन याद्यांना जोडणारा दोर म्हणजे त्यांच्यातले डाव, आणि तो दोर कधीच तुटलाय. २००५ साली लंडनला हायड्रा या यंत्राने ग्रँडमास्टर मायकेल ॲडम्सला साडेपाच-अर्धा असं हरवलं. २००६च्या अखेरीस बॉनमध्ये तेव्हाचा जगज्जेता व्लादिमिर क्रामनिक डीप फ्रिट्झकडून ४-२ हरला. त्यातल्या दुसऱ्या डावात त्याला एका चालीतली मात दिसली नाही. त्यानंतर बरोबरीच्या अटींवर असा सामना खेळण्यात कुणालाच अर्थ वाटेनासा झाला. ज्या अंतरावर एक बाजू जवळजवळ प्रत्येक डाव जिंकते तिथे सातशे काय नि नऊशे काय, डावांतून फरक कळतच नाही.

दोर पुन्हा बांधायचा एकच मार्ग उरला, यंत्राने सवलत देण्याचा. जानेवारी २०१६ मध्ये ग्रँडमास्टर हिकारू नाकामुरा कोमोडो या इंजिनाविरुद्ध असे चार डाव खेळला. कधी यंत्राकडे एक प्यादं कमी, कधी माणसाचा हत्ती आणि यंत्राचा घोडा अशी विषम मांडणी, शेवटच्या डावात माणसाला आधीच चार चाली खेळून दिलेल्या. पहिले तीन डाव बरोबरीत सुटले, चौथा कोमोडोने जिंकला. चारपैकी अडीच गुण, म्हणजे सुमारे ९० एलो. पण सवलत प्रत्येक डावाला एकसारखी नव्हती, त्यामुळे हे चार डाव एका बेरजेत घालता येत नाहीत.